पाय नव्हे, साचा तपासा

स्की बूट विकणारे, भाड्याने देणारे आणि स्कीइंग शिकवणारे लोक तीन वाक्ये हमखास बोलतात. पहिले, ‘स्कीचा बूट दुखायचाच.’ दुसरे, ‘थोडा मोठा घ्या, आराम वाटेल.’ तिसरे, ‘तुम्ही घाबरता, म्हणून तोल मागे जातो.’ ही वाक्ये इतक्या आत्मविश्वासाने बोलली जातात की ऐकणाऱ्याला ती अनुभवातून आलेली सत्ये वाटतात. माझे म्हणणे असे की अरुंद पावलाच्या माणसाच्या बाबतीत ही तिन्ही वाक्ये खोटी आहेत आणि ती एकमेकांच्या आधाराने उभी आहेत. पहिल्या वाक्याने वेदना नैसर्गिक ठरते, दुसऱ्याने चुकीचा बूट खपतो आणि तिसऱ्याने त्या बुटाचा दोष तो घालणाऱ्या माणसाच्या माथी मारला जातो.

काही वाचक विचारतील, बर्फावरून घसरण्याच्या श्रीमंती खेळातल्या बुटांवर एवढे लिहिण्याची गरज काय? प्रश्न रास्त आहे. मी नोकरीनिमित्त म्युनिकमध्ये राहते. इथून साधारण तासाभराच्या रेल्वेप्रवासावर लेंग्रीस गाव आणि त्याला लागून ब्राउनेकचा डोंगर आहे. हिवाळ्यात शनिवारी सकाळच्या गाडीत स्की घेतलेल्या माणसांना उभे राहायला जागा नसते. बायर्न राज्यातल्या अनेक शाळा मुलांना आठवडाभराच्या स्की शिबिराला नेतात. म्हणजे इथे स्कीइंग ही फक्त हौस राहत नाही. इथे राहणाऱ्या, बाहेरून आलेल्या कुटुंबातल्या मुलांची शाळेत परीक्षा होते ती या बर्फावरही होते. आणि ज्या परीक्षेचे साधनच काहींच्या पायाला बसत नाही, त्या परीक्षेच्या निकालावर बोलायला हवे.

आधी या बुटाचे काम समजून घेऊ. स्कीला सुकाणू नसते. माणूस गुडघा पुढे ढकलतो, आत-बाहेर कलवतो. त्याची नडगी बुटाच्या कडक कवचावर दाब देते. कवच तो दाब बाइंडिंगमार्फत स्कीला पोचवते आणि स्कीची कडा बर्फात रुतते. वळण असे तयार होते. पाऊल आणि कवच यांच्यात मोकळी जागा असेल तर आधी पाऊल त्या जागेत हलते आणि मगच दाब पुढे जातो. ज्या सायकलचे हँडल खिळखिळे आहे, ती चालवून पाहा. तुम्ही वळवता, पण चाक थोड्या वेळाने वळते आणि तेही किती वळेल याचा भरवसा नसतो. सैल स्की बुटात हेच घडते, फक्त उतारावर आणि वेगात.

आता दुकानातल्या आकड्यांकडे येऊ. स्की बुटाचे माप ‘मोंडोपॉइंट’ पद्धतीने सेंटिमीटरमध्ये दिलेले असते. २४.५ म्हणजे साडेचोवीस सेंटिमीटर लांबीच्या पावलासाठी. इथे पहिली गोम आहे. बहुतेक कंपन्यांत २४ आणि २४.५ यांचे कवच एकच असते, फरक आतल्या गादीत किंवा लायनरमध्ये असतो. त्यामुळे ‘अर्धा नंबर मोठा’ घेताना बऱ्याचदा काहीच बदलत नाही, आणि चुकून पुढच्या कवचात गेलात तर एकदम पूर्ण सेंटिमीटर वाढतो.

दुसरा आकडा रुंदीचा. त्याला ‘लास्ट’ म्हणतात, म्हणजे आपल्याकडचा चर्मकाराचा कलबूत. ९८ मिलिमीटर किंवा कमी म्हणजे अरुंद, १०० मध्यम, १०२ व त्यापुढे रुंद, अशी ढोबळ विभागणी असते. शर्यतीचे बूट याहूनही बरेच अरुंद असतात. पण हा आकडा सहसा २६.५ या संदर्भ-मापासाठी छापलेला असतो. बूट लहान होत जातो तशी प्रत्यक्ष रुंदी कमी होते, मोठा होत जातो तशी वाढते. शिवाय हा आकडा फक्त चवड्याच्या सर्वांत रुंद भागाचा आहे. टाच किती निमुळती, घोटा किती बारीक, पावलाचा वरचा उंचवटा किती कमी, पोटरी किती सडपातळ, यांतले काहीच तो सांगत नाही. अरुंद पावलाच्या माणसाचे खरे हाल मात्र याच ठिकाणी होतात.

तिसरा आकडा ‘फ्लेक्स’चा, म्हणजे बूट पुढे वाकायला किती कडक आहे त्याचा. ६०, ९०, १३० असे आकडे बुटावर मोठ्या अक्षरांत असतात, पण सर्व कंपन्यांनी पाळावे असे त्याचे समान प्रमाण नाही. एका कंपनीचा १०० दुसरीच्या ९० इतका मऊ असू शकतो. त्यात प्लास्टिक थंडीत आणखी कडक होते. उबदार दुकानात वाकलेला बूट डोंगरावर वाकेलच असे नाही.

माझी मापे सांगते. उजवे पाऊल २४५ मिलिमीटर लांब आणि ८८ मिलिमीटर रुंद. डावे लांबीला दोन मिलिमीटर कमी. टाच निमुळती, उंचवटा कमी, पोटरी बारीक. तीन हिवाळे मला भाड्याच्या काउंटरवर २६.५ चा बूट मिळत गेला. माझ्या नेहमीच्या चपलेचा नंबर विचारायचा, तक्त्यात बघायचे, ‘जाड मोजे घालाल ना’ म्हणून एक माप वाढवायचे, ही तिथली पद्धत. पाऊल कोणी मोजले नाही. चौथ्या हिवाळ्यात एका दुकानाने मला २५.५ मापाचा, १०२ च्या साच्याचा बूट विकला. ‘माझे पाऊल अरुंद आहे’ असे मी स्पष्ट सांगितले होते. उत्तर मिळाले, ‘मग बकल घट्ट करा.’

हे उत्तर नीट तपासले पाहिजे, कारण सगळा अन्याय या एका वाक्यात आहे. बकल घट्ट केल्याने कवच अरुंद होत नाही. कवचाचा वरचा भाग पावलाच्या उंचवट्यावर दाबला जातो, एवढेच होते. त्या उंचवट्यावरूनच बोटांकडे जाणारी रक्तवाहिनी आणि मज्जातंतू जातात. तिथे दाब बसला की बोटे बधिर होतात, गार पडतात. बाजूंना मात्र जागा तशीच राहते, म्हणून पाऊल डावीउजवीकडे सरकत राहते आणि टाच उचलली जाते. मग माणूस आधारासाठी बोटे आवळून बुटाचा तळ धरू पाहतो, त्याने तळव्यात पेटके येतात. नडगी आणि बुटाची जीभ यांच्यात फट राहिल्याने प्रत्येक उंचसखल जागी नडगीवर ठोसा बसतो. संध्याकाळी पाय सुजलेला, बोटे बधिर, नडगी काळीनिळी. ‘बूट घट्ट होतोय, पुढच्या वेळी मोठा घ्या,’ असा सल्ला मिळतो. दुखण्याचे कारण सैलपणा असताना औषध म्हणून आणखी सैलपणा दिला जातो. याला काय म्हणावे?

इथे रुंद आणि अरुंद पावलांतली एक असमानता लक्षात घ्या. स्की बुटाचे कवच प्लास्टिकचे असते. ते तापवून आतून दाब देऊन बाहेर फुगवता येते, आतून घासून जागाही करता येते. म्हणजे कवच एखाद्या ठिकाणी घट्ट असेल तर कारागीर ते रुंद करू शकतो. पण रुंद कवच अरुंद करता येत नाही. आत भर घालता येते. ती भर फोमची असते आणि फोम वापराने दबतो. नवा लायनर दुकानात गुबगुबीत वाटतो, पण काही दिवसांच्या वापरात तो चपटा होतो आणि लपलेली जागा उघडी पडते. म्हणून रुंद पावलाच्या माणसाने थोड्या अरुंद बुटापासून सुरुवात केली तरी मार्ग निघतो. अरुंद पावलाच्या माणसाने रुंद बुटापासून सुरुवात केली तर पुढचे सगळे उपाय ठिगळे ठरतात. असे असताना ‘आधी घ्या, नंतर जमवू’ हा सल्ला दोघांना सारखाच दिला जातो. वरवर समान वागणूक, परिणाम मात्र विषम.

ही स्थिती आकाशातून पडलेली नाही. पूर्वी स्कीचे बूट चामड्याचे, नाड्यांचे असत. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या आयोवा राज्यात बॉब लँग यांनी प्लास्टिकचा बूट बाजारात आणला आणि काही वर्षांत चामडे मागे पडले. प्लास्टिकमुळे ताकद स्कीपर्यंत थेट पोचू लागली, हा मोठा फायदा. पण चामडे हळूहळू पायाचा आकार घेत असे. प्लास्टिक घेत नाही. शिवाय प्लास्टिकचे कवच ओतायला प्रत्येक मापासाठी धातूचा महागडा साचा लागतो. मग कंपनी कोणत्या रुंदीचे साचे जास्त बनवणार? ज्या रुंदीत जास्त पाय मावतील त्या. मोठ्या बुटात लहान पाय ‘मावतो’, म्हणून अरुंद पाय हिशोबातून सहज गळतो. जे अरुंद साचे बनतात तेही बहुधा कडक आणि वेगाने जाणाऱ्यांसाठी असतात. जणू अरुंद पाय हा शर्यत पळणाऱ्याचाच असतो. चाळिशीतल्या, हलक्या वजनाच्या, शनिवार-रविवारी डोंगरावर जाणाऱ्या बाईचा असूच शकत नाही! सरासरी ही सोय आहे, ती निसर्गाचा नियम नाही. त्या सरासरीत न बसणाऱ्याला ‘तुमचा पायच विचित्र’ असे सांगणे ही लबाडी आहे.

मग करायचे काय? चौथ्या हिवाळ्याच्या शेवटी मी म्युनिकमधल्याच एका लहान कार्यशाळेत गेले. तिथल्या साठीच्या कारागिराने बुटाचे एकही खोके उघडले नाही. आधी मला अनवाणी उभे केले, दोन्ही पावले वजन देऊन आणि वजन न देता मोजली, घोटा किती वाकतो ते पाहिले. मग माझ्याच २५.५ च्या बुटातला लायनर उपसून काढला आणि म्हणाला, ‘आता नुसत्या कवचात उभ्या राहा. बोटे पुढे हलकी टेकवा.’ टाचेमागे त्याने बोटे घातली. जवळजवळ अडीच सेंटिमीटर जागा होती. दोन्ही बाजूंनाही पाऊल तरंगत होते. ‘बाई, तुम्ही बूट घातलेला नाही, तुम्ही बुटात राहायला गेला आहात,’ असे तो म्हणाला.

ही कवचाची चाचणी प्रत्येकाने शिकून घ्यावी, कारण तिला एक पैसाही लागत नाही. लायनर काढा, पातळ मोजा घालून कवचात पाय ठेवा, बोटे पुढे टेकवा, गुडघा किंचित वाकवा आणि टाचेमागची जागा पाहा. साधारण दीड सेंटिमीटरच्या आसपास असेल तर लांबी ठीक. दोन सेंटिमीटरच्या पुढे गेली तर विक्रेता काहीही सांगो, बूट मोठा आहे. मग पाऊल मधोमध ठेवून दोन्ही बाजूंची जागा पाहा. तिथे काही मिलिमीटरच असावेत. नंतर लायनर घालून बूट चढवा. ताठ उभे असताना बोटांची टोके पुढे हलकी टेकली पाहिजेत आणि गुडघे पुढे वाकवल्यावर ती थोडी मागे सरली पाहिजेत. टाच उचलता कामा नये. मोजा एकच आणि पातळ. बूट किमान वीस मिनिटे पायात ठेवा. दुकानातला पहिल्या मिनिटाचा ‘आराम’ हा पुरावा नव्हे. चहूबाजूंनी सारखा, हस्तांदोलनासारखा दाब हा चांगला; एका बिंदूवर टोचणारा वाईट.

त्या कारागिराने मला २४.५ मापाचा, ९७ च्या साच्याचा बूट दिला. कवचात टाचेमागे चौदा मिलिमीटर जागा राहिली. नंतरचे काम त्याने क्रमाने केले आणि हा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम माझ्या तळव्याच्या आकाराची गादी बनवली, म्हणजे कमान खचून पाऊल लांब-रुंद होणार नाही. मग लायनरवर बाहेरून घोट्याच्या हाडाभोवती इंग्रजी ‘सी’च्या आकाराचे घट्ट फोमचे तुकडे चिकटवले, त्यामुळे टाच खाली धरली गेली. उंचवटा कमी असल्याने जिभेमागे पातळ पट्टी घातली. काही ठिकाणी बुटाच्या आतला तळ उंच करून पाऊल वर उचलतात. तो उपाय जपून करावा, कारण पाऊल वर गेले की घोटा आणि टाच कवचातल्या त्यांच्या जागेवरून हलतात. बूट माझ्या वजनाला थोडा कडक होता, तो त्याने मागचा एक स्क्रू काढून मऊ केला. कडक बूट मऊ करता येतो, मऊ बूट कडक करणे अवघड, हेही त्यानेच सांगितले.

तो कारागीर तासभर माझ्या पायाशी बसून होता. त्याच्या मागे भिंतीवर त्याचे मास्टर-प्रमाणपत्र होते. जर्मनीत ऑर्थोपेडिक पादत्राणे बनवणाऱ्याचे शिक्षण साडेतीन वर्षांचे असते आणि स्वतःची कार्यशाळा काढायची तर साधारणपणे मास्टर परीक्षा द्यावी लागते. इटलीतले मोंतेबेल्लूना हे गाव डोंगरी बूट शिवणाऱ्या मोच्यांचे; आज ते स्की बुटांच्या उद्योगाचे जागतिक केंद्र आहे आणि तिथे बुटांचे संग्रहालय आहे. पायाचे, चामड्याचे, कलबुताचे ज्ञान आपल्याकडे कमी होते काय? रापी आणि आरी घेऊन बसणारा आपला माणूस पावलाकडे बघून माप सांगत असे. पण त्याचे हात विटाळाचे ठरवले गेले, घर गावाबाहेर ठेवले गेले आणि त्या ज्ञानाची ना शाळा झाली ना शास्त्र. जात म्हणजे कामाची सोयीस्कर वाटणी, हा युक्तिवाद बाबासाहेबांनी १९३६ मध्येच खोडून काढला होता. ती काम करणाऱ्या माणसांनाच एकमेकांपासून तोडून उतरंडीत बसवते. जर्मनी हा स्वर्ग आहे असे मी म्हणत नाही. पण दुसऱ्याच्या पायाला हात लावणारा माणूस इथे ‘मास्टर’ म्हणवला जातो आणि त्याचा शब्द डॉक्टरही ऐकतो, हे मी पाहिले.

बूट बसला म्हणजे काम संपले असे नाही. खरा दुसरा टप्पा आहे संरेखनाचा, म्हणजे पाऊल, नडगी, गुडघा आणि स्की यांची रेषा जुळवण्याचा. माणसांचे पाय सरळ खांबांसारखे नसतात. कोणाचे गुडघे आत झुकलेले, कोणाचे बाहेर. गुडघे आत असतील तर स्की सपाट न राहता आतल्या कडेवर चढते. बाहेर असतील तर बाहेरच्या कडेवर. असा माणूस सरळ घसरायला गेला तरी स्की त्याला वळवत राहते. मग तो कंबर, खांदे, हात वेडेवाकडे करून तोल साधतो आणि प्रशिक्षक त्याच्या खांद्यांवर टीका करतो.

यातही क्रम आहे. आधी नीट बसणारे कवच, मग तळव्याची गादी, मग बुटाच्या वरच्या भागाची, म्हणजे ‘कफ’ची जुळवणी आणि सर्वांत शेवटी तळाचा कोन. घोट्याजवळचा स्क्रू फिरवून कफ नडगीच्या आकाराला समांतर करता येतो. बरीच दुकाने यालाच ‘कँटिंग’ म्हणून मोकळी होतात. ते खरे नाही. कफ फक्त नडगीच्या वळणाला जागा देतो. गुडघा बुटाच्या मध्यावर आणण्यासाठी बुटाचा तळ एक-दीड अंशाने तासावा लागतो किंवा बाइंडिंगखाली पाचर घालावी लागते. त्या कारागिराने माझ्या गुडघ्याच्या मध्यातून ओळंबा सोडला. डावा जवळपास मध्यावर आला, उजवा दीड अंश आत पडला. त्याने उजव्या बुटाचा तळ असा तासला की आतली बाजू किंचित उंच राहिली आणि गुडघा मध्याकडे आला. तासल्यावर बुटाची पुढची आणि मागची कड पुन्हा प्रमाणित जाडीवर आणावी लागते. आयएसओ ५३५५ या मानकानुसार प्रौढांच्या बुटात ती पुढे १९ आणि मागे ३० मिलिमीटर असते. हे केले नाही तर पडल्यावर बाइंडिंग वेळेवर सुटत नाही आणि गुडघ्याचे अस्थिबंध तुटू शकतात. म्हणून हे काम घरी कानस घेऊन करू नये.

अरुंद पावलाचा प्रश्न इथे पुन्हा येतो. सैल कवचात पाऊल मनाला येईल तसे कलते, त्यामुळे ओळंब्याचे माप दर वेळी वेगळे येते. जे माप स्थिर नाही त्यावर तळ तासणे म्हणजे अंदाजावर शस्त्रक्रिया करणे. म्हणजेच ज्याला आधी बूटच नाकारला गेला, त्याला संरेखनही आपोआप नाकारले जाते. एक वंचना दुसरीला जन्म देते.

पुढे-मागे तोलाचेही हेच आहे. बुटातला उतार, बाइंडिंगचा उतार, कफ पुढे किती कलला आहे आणि घोटा किती वाकतो, या चार गोष्टींवर माणूस कुठे उभा राहील हे ठरते. बारीक पोटरीभोवती कफ सैल असेल तर पुढे रेलायला आधार सापडत नाही. आधार नसलेल्या दिशेला शरीर जात नाही. ते मागे राहते. याला भीती म्हणतात? मी याला शरीराचा शहाणपणा म्हणते. वॉरन विदरेल या अमेरिकन प्रशिक्षकाने १९७२ च्या आपल्या पुस्तकातून आणि पुढे १९९३ मध्ये डेव्हिड एव्हरार्ड यांच्यासोबत लिहिलेल्या पुस्तकातून हाच मुद्दा लावून धरला की उपकरणाची रेषा जुळलेली नसेल तर शिकवण्याला मर्यादा पडते. तरीही उतारावर सर्रास ऐकू येते ते एकच: ‘पुढे झुका, घाबरू नका!’

हे सगळे मला माझ्यापुरते असते तर कदाचित मी लिहिलेही नसते. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे आणि तिची पावले माझ्यासारखीच आहेत. मागच्या हिवाळ्यात शाळेच्या स्की शिबिरात तिला भाड्याचा बूट मिळाला. दुसऱ्या दिवशी तिला सर्वांत खालच्या गटात टाकले. मुलांनी त्या गटाला घाबरटांचा गट असे नाव ठेवले होते. घरी आल्यावर ती म्हणाली, ‘आई, मला नाही जमत. माझ्यात डेअरिंगच नाही.’ तेरा वर्षांच्या मुलीने स्वतःबद्दल असा निष्कर्ष काढावा, आणि त्याचे कारण टाचेमागची तीन सेंटिमीटर जागा असावी! ‘तुझ्यात कमी आहे’ हे वाक्य आपल्या मुलांना अनेक ठिकाणी ऐकावे लागते. निदान जिथे त्याचे खंडन मोजपट्टीने करता येते, तिथे तरी आपण ते करायलाच हवे. शरद ऋतूत इथल्या क्लबांचे जुन्या सामानाचे बाजार भरतात. अशाच एका बाजारात आम्ही दोघींनी अकरा बुटांचे लायनर काढून पाहिले. बारावा ठीक निघाला. डिसेंबरमध्ये ब्राउनेकच्या सोप्या उतारावर ती माझ्यापुढे गेली आणि खाली थांबून माझी वाट पाहत राहिली. तिचे धाडस एका महिन्यात वाढले नव्हते. ते आधीपासून होते.

यावर आक्षेप येईल की असा कारागीर सर्वांना परवडतो कुठे? खरे आहे. तळव्याची गादी आणि तळाची तासणी मिळून मला बुटाच्या किमतीच्या जवळपास निम्मे पैसे लागले. म्हणूनच मी खर्चाचे आणि बिनखर्चाचे वेगळे करते. कवचाची चाचणी फुकट. पाऊल मोजणे फुकट. पातळ मोजा जाड मोज्याहून महाग नाही. जुना बूट घेताना लायनर दबलेला आहे का, तळ झिजलेला आहे का, प्लास्टिकला भेगा आहेत का, हे पाहणे फुकट. एवढ्यानेच निम्मा प्रश्न सुटतो. महाराष्ट्रातून गुलमर्ग, औली किंवा सोलंगला जाऊन दोन दिवस स्की करणाऱ्यांनाही हे लागू आहे. तिथे सुट्टीच्या गर्दीत हातात पडेल तो बूट घालायला सांगतील. लायनर काढायला वेळ देत नसतील तर निदान बकल लावून गुडघे पुढे वाकवा आणि टाच उचलते का पाहा. उचलत असेल तर लहान माप मागा. ‘सगळे हाच घालतात’ हे उत्तर स्वीकारू नका. सगळ्यांचा पाय तुमच्या बुटात जाणार नाही, तुमचा जाणार आहे.

भाड्याने देणाऱ्यांना आणि शाळांना माझी मागणी साधी आहे. काउंटरवर चपलेचा नंबर विचारण्याऐवजी पाऊल मोजण्याची पट्टी ठेवा. शंभर बुटांत दहा तरी अरुंद साच्याचे ठेवा. आणि एखाद्या मुलाला ‘भित्रे’ म्हणण्यापूर्वी त्याच्या बुटाचा लायनर काढून पाहा. यात दयेचा प्रश्न नाही. ज्या व्यवस्थेने सरासरी पायासाठी साचे ओतले, तिनेच सरासरीबाहेरच्या पायाची जबाबदारी घ्यायची आहे. तोवर आपण आपली पावले मोजून ठेवावीत, मिलिमीटरमध्ये, आणि समोरच्याने ‘बकल घट्ट करा’ म्हटले की तो आकडा त्याच्यापुढे ठेवावा.